बैल न शिरलेल्या शेतातलं दळण

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांत धान्याची एक वेगळीच चौकशी होते. भाव काय, जुनं की नवं, खडे किती, हे प्रश्न रोजचेच. ऋषिपंचमीला मात्र विचारतात, याला बैलाचे कष्ट लागलेत का? लागले असतील, तर ते धान्य त्या दिवशी व्रत करणाऱ्या बाईच्या ताटात येत नाही.

शहरात हा प्रश्न मंडईत सुटतो. माठाचे देठ, अळू, सुरण, पडवळ, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे असा ‘ऋषीच्या भाजी’चा वाटा तयार मिळतो, दुकानातून भगरीचं पाकीट येतं, आणि कष्टांची चौकशी पाकिटाच्या सीलबंद कडेशी संपते. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत त्या प्रश्नाला अजून पत्ता असतो. ही वरी कोणत्या उतारावरची, ही नाचणी कुणी कुदळीने खणून लावली, हे सांगणारं माणूस गावातच भेटतं. त्यामुळे पीठ दळायला कुठलं धान्य घ्यायचं हा साधा घरगुती प्रश्न तिथे धर्माचा होतो, आणि धर्माचं उत्तर बरंचसं जमिनीच्या चढावर अवलंबून राहतं.

भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. शेजारचा वेल्हे तालुका राजगड आणि तोरण्याचा. त्याला ‘राजगड’ नाव द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, तरी लोकांच्या तोंडी वेल्हंच आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं ही शिवकाळातली नावं आजही इथला भूगोल नीट सांगतात, कारण इथली वस्ती खोऱ्याखोऱ्यांत विभागलेली आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या काठी तळाला भाताची खाचरं. राब भाजायचा, रोप टाकायचं, पाऊस लागला की चिखलणी करून आवण उरकायची. चिखलणीला बैल लागतो. म्हणजे मावळातला आंबेमोहर असो की इंद्रायणी, तळाचा भात ऋषिपंचमीला बाद.

खाचरांच्या वर वरकस जमीन सुरू होते. माती पातळ, मुरूम जवळ, पाणी थांबत नाही. तिथे पूर्वापार फेरपालट असे: पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळे म्हणजे खुरासणी, आणि त्यानंतर जमीन काही वर्षं पडीक. उतार मवाळ असेल तर तिथेही नांगर फिरतो. जिथे बैलाचा पाय ठरत नाही तिथे माणूस कुदळ घेऊन जातो. त्या रेषेच्या वरचं धान्य ऋषींचं.

आता त्यातून पिठासाठी काय निवडायचं? भाद्रपदात नवं काहीच हाती नसतं. नाचणी काढणीला येते दिवाळीच्या आगेमागे. तेव्हा ऋषिपंचमीला दळली जाते ती गेल्या वर्षाची, कधी त्याच्याही आधीची. यात उणेपणा काही नाही. नीट वाळवलेल्या नाचणीला सहसा कीड धरत नाही आणि ती वर्षानुवर्षं कणगीत टिकते. एकेकाळी डोंगरी गावांत दुष्काळाची बेगमी म्हणून तीच साठवत. जाणती बाई नाचणी मुठीत घेऊन चोळते आणि तळहातावर किती माती उरते ते पाहते. दाणा भरलेला आणि गोल हवा, वास कोरडा हवा. खळं जमिनीवर केलेलं असेल तर वाळूचे कण आलेच, आणि ते नाचणीएवढेच असल्यामुळे सुपाला सापडत नाहीत. म्हणून नाचणी पाण्यात रोळून घेतात: दाणा वर तरंगत पुढे जातो, खडा तळाशी बसतो. मग फडक्यावर वाळवून दळण. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि गव्हा-तांदळात त्याच्या पासंगालाही नसतं, हे आहारशास्त्राने पुढे मोजलं. डोंगरातल्या बाळंतिणीला ते मोजण्याआधीपासून नाचणीचं आंबील मिळत आलं आहे.

वरीचं काम जास्त. तिच्यावर चिवट टरफल असतं, ते उखळात कांडून काढावं लागतं. मग मिळते ती भगर. ती दळताना एक सावधगिरी व्रताच्या पोथीत सापडणार नाही, अन्न व औषध प्रशासनाच्या पत्रकात सापडेल. दमट हवेत भगरीवर बुरशी लवकर चढते आणि तिची विषं शिजवून जात नाहीत. ६ फेब्रुवारी २०२४ ला, एकादशीच्या दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन हजाराहून अधिक लोक आजारी पडले. जवळपास प्रत्येक नवरात्रात आणि महाशिवरात्रीला अशी एखादी बातमी येते. प्रशासन दरवेळी तेच सांगतं: सुटी भगर टाळा, तयार पीठ आणू नका, भगर घरी निवडून लागेल तेवढीच दळा, पीठ साठवू नका. शास्त्राने आणि सरकारने एकाच वेळी घरच्या दळणाची शिफारस करावी असे प्रसंग थोडे. हा त्यातला एक.

आणि मका. ऋषीच्या भाजीत पडणारं कणीस कोवळं, दुधाळ असतं. पिठाला ते चालत नाही. पिठासाठी कणीस ताटावरच पूर्ण पिकू द्यावं लागतं, पानं पांढरी पडेपर्यंत. दाणा सोलून त्याचं टोक पाहिलं तर तिथे काळी पापडी दिसली पाहिजे. ती आली म्हणजे ताटाकडून दाण्याला पोषण जायचं थांबलं. मग कणसं पानांसकट चुलीवरच्या आढ्याला टांगतात, धुराने कीड दूर राहते. दाताखाली कट्कन फुटला तर दाणा दळायला तयार. चेपला तर अजून ऊन द्यायचं. बाजारातून मका आणायचा तर जास्त डोळसपणा हवा. बियाण्याच्या पिशवीतला गुलाबी-लाल लेप दिलेला मका कधीच दळायचा नाही, त्याला औषध चोळलेलं असतं. कोंबड्यांच्या खाद्यासाठी आलेल्या पोत्यांत फुटका, काळपट दाणा मिसळलेला असू शकतो, आणि काळपट मका हा निव्वळ चवीचा प्रश्न नाही: १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन आदिवासी गावांत १०६ माणसं दगावली. मक्याच्या अंकुरात तेल असतं, म्हणून घरच्या अख्ख्या दाण्याचं पीठ काही आठवड्यांत खवट होतं. जात्यावर ते जाडसरच येतं, आणि भाकरीपेक्षा कण्या-घाट्याला बरं पडतं.

पण मुळात मका ऋषींच्या ताटात आला कसा? मका हे मेक्सिकोचं धान्य. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या एका रानगवतापासून माणसाने ते घडवलं. हिंदुस्थानात ते पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर सोळाव्या शतकात आलं. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ या सातांपैकी कुणीही कणीस पाहिलेलं असणं शक्य नाही. तरी त्यांच्या भाजीत ते आहे, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कारण मावळातल्या घरी मका परसात असतो. पावसाच्या सुरुवातीला काठीने भोक पाडून दोन-दोन दाणे टाकायचे, की भाद्रपदापर्यंत कणसं हाताशी. बैलाचा संबंधच नाही.

हाच मका एकादशीला मात्र अडतो. एकादशीची चौकशी निराळी असते. त्या दिवशी पाप अन्नात येऊन राहतं अशी पुराणातली समजूत, म्हणून धान्य वर्ज्य. आणि मका धान्यांत मोडतो. राजगिरा, साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा मात्र चालतात, हे सगळे मक्याचेच अमेरिकेतले भाऊबंद. एकादशी पदार्थाचं कूळ विचारते आणि कुळाची वही फार काटेकोरपणे तपासत नाही. ऋषिपंचमी कूळ विचारतच नाही. परदेशी असो की घरचं, आफ्रिकेतून आलेली नाचणी असो की मेक्सिकोचा मका, तिला हवा असतो फक्त धान्याचा इतिहास: ते कुणी पिकवलं आणि कशाने. उपवासाच्या नियमांच्या गर्दीत हा नियम एकटा पडलेला दिसतो. अन्न म्हणजे कुणाचे तरी कष्ट, हे गृहीत धरून तो सुरू होतो. इतक्या खोल जाणाऱ्या नियमाला वर्षातला एकच दिवस मिळावा हे नवलच.

नियमाच्या मुळाशी दोन वेगवेगळे विचार आहेत, आणि ते एकच असल्यासारखे शतकानुशतकं नांदत आले.

पहिला विचार ग्रंथांतला. मनुस्मृतीचा सहावा अध्याय वानप्रस्थाला सांगतो की नांगरलेल्या जमिनीतलं काही खाऊ नकोस, कुणी टाकून दिलेलं असलं तरी. दहाव्या अध्यायात कारणाचा धागा सापडतो: लोखंडी फाळाचं लाकूड भूमीला आणि भूमीत राहणाऱ्या जीवांना इजा करतं, म्हणून सज्जन शेतीची निंदा करतात. इथे बैलाचा विचार जवळजवळ नाही. चिंता आहे ती जमिनीची, गांडुळाची, मुंगीची. आश्रमातले ऋषी खातात तो नीवार, आपोआप उगवणारा रानभात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तलं तपोवन ओळखू येतं ते पोपटांच्या ढोलीतून सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. मराठी मुलखात त्याला देवभात म्हणतात. तळ्याकाठी, पाणथळीत तो येतो, कुसळं लांब असतात आणि पिकला की लगेच गळून जातो, म्हणून गळायच्या आत गाठावा लागतो. जैन परंपरेने श्रावकांना वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत जमीन फोडण्याचा धंदा आहे, आणि बौद्ध भिक्षूला जमीन खणायला मनाई आहे, ती याच काळजीतून.

दुसरा विचार कहाणीतला. एक ब्राह्मण आणि त्याची बायको. तिने विटाळात घरभर शिवाशीव केली, आणि त्या दोषाने पुढच्या जन्मी ती कुत्री झाली, नवरा बैल झाला, दोघंही आपल्याच मुलाच्या दारी आली. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाने गरळ टाकलं. ब्राह्मण मरू नयेत म्हणून कुत्रीने खिरीला तोंड लावलं आणि सुनेच्या हातून जळत्या लाकडाचा मार खाल्ला. बैल त्या दिवशी उपाशीपोटी राबला होता. रात्री गोठ्यात दोघं एकमेकांना आपापलं दुःख सांगत असताना मुलाने ऐकलं. तो रानात ऋषींकडे गेला आणि त्यांनी त्याला हे व्रत सांगितलं, बैलाच्या कष्टाचं न खाण्याच्या अटीसकट.

कहाणीचं निमित्त आज बऱ्याच बायकांना मान्य होणार नाही, आणि होऊही नये. पाळीला पाप मानून त्याची फेड बाईकडून आयुष्यभर करून घेणारं व्रत म्हणून ऋषिपंचमीवर टीका होत आली, ती रास्त आहे. पण कहाणीतली बैलाची बाजू विटाळाच्या बाजूपेक्षा जड आहे. मुलाला धक्का कशाचा बसतो? आपण ज्याला दिवसभर वैरण न घालता जुंपलं तो आपला बाप होता याचा. इथे भूमीला पडलेल्या चऱ्याशी कुणाला घेणं नाही. काळजी भुकेल्या राबणाऱ्याची आहे.

जोवर नांगर म्हणजे बैलच होता, तोवर दोन्ही विचारांचं उत्तर एकच येई. नांगरलेलं टाळलं की बैलाचं टळलं. पॉवर टिलर खाचरांत उतरला आणि ही जोडी फुटली. भोर-वेल्ह्यात आता चिखलणी कितीतरी ठिकाणी यंत्राने होते, मळणीही. मग टिलरने चिखललेल्या खाचराचा इंद्रायणी ऋषिपंचमीला चालतो का? कहाणीच्या न्यायाने चालावा, कारण बैलाचा एक थेंब घाम त्यात नाही. मनूच्या न्यायाने चालू नये, कारण टिलरची पाती फाळापेक्षा निर्दय फिरतात. कुदळीच्या नाचणीचं उलटं. कहाणी तिला बिनधास्त पास करते. मनू फाळ नाही म्हणून सोडतो खरा, पण गांडुळाला कुदळ आणि फाळ यांतला फरक कोण समजावणार? दोन्ही कसोट्यांना सहज उतरतो तो एकटा देवभात, कुणीच न पेरलेला.

पुरोहितांना विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात, आणि त्यात आश्चर्य नाही. व्रतनिर्णयाचे जुने ग्रंथ लिहिले गेले तेव्हा बैलाविना नांगर ही कल्पनाच नव्हती, तेव्हा निर्णयही नाही. धर्मशास्त्रात अशी पोकळी पडली की लोकाचार ती भरून काढतो. इथे लोकाचाराने बैलाला धरून ठेवलं आणि भूमीला सोडून दिलं. ‘नांगरलेलं चालत नाही’ असं म्हणणारी बाई सापडणं कठीण. ‘बैलाचं चालत नाही’ हे सगळ्यांना ठाऊक असतं.

बैलाच्या तोंडाचा विचार आणखी एका धर्मग्रंथाने केला आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नकोस, अशी आज्ञा बायबलच्या जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात आहे. याच पुणे जिल्ह्यात केडगावला बसून पंडिता रमाबाईंनी अखंड बायबल मराठीत आणलं, १९२२ साली त्या गेल्या तोवर काम हातावेगळं होत आलेलं होतं. तेव्हा ही आज्ञा मराठी उंबऱ्याला परकी नाही. गंमत अशी, की पुढे नव्या करारात पौलाने त्याच वाक्यावर विचारलं, देवाला काय बैलांची चिंता पडली आहे? आणि स्वतःच उत्तर दिलं की हे आपल्यासाठी, राबणाऱ्या माणसासाठी सांगितलेलं आहे. पौलाने बैलाला बाजूला सारलं हे बैलप्रेमींना रुचणार नाही. पण जे पाऊल त्याने उचललं ते ऋषिपंचमीच्या नियमाने कधी उचललं नाही. कष्ट मोजायची सुरुवात बैलापासून केली आणि बैलापाशीच तो थांबला.

बैल तर आता निराळ्याच कामावर आहे. पॉवर टिलरने त्याचे शेतातले कष्ट नेले, त्याबरोबर गोठ्यातली जागाही नेली. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पुणे जिल्ह्यातले शर्यतींचे घाट पुन्हा गाजताहेत. शर्यतीत बैल जीव तोडून पळतो, फेस येईतो पळतो. पण त्यातून धान्य निघत नसल्यामुळे ऋषिपंचमीच्या ताटाला त्याची बाधा नाही.

बैल जिथे चढत नाही तिथे कुदळ कोण चालवतं? घरातले पुरुष कामासाठी शिरवळच्या कारखान्यांत किंवा पुणे-मुंबईला गेलेले. उतारावरची लावणी, बेणणी, काढणी, डोक्यावरून भारे खाली आणणं, रोळणं, कांडणं, हे बरंचसं बायकांच्या वाट्याला. विजेची गिरणी येण्याआधी दळणही त्यांचंच, पहाटेच्या अंधारात. बैलाचे कष्ट वगळून बाकी राहिलेले सगळे कष्ट जिचे, तीच त्या दिवशी व्रतस्थ असते आणि बैलाचं नको म्हणून काटेकोर असते. व्रताने बैलाला एक दिवस सुटी दिली, तिचं दळण मात्र वाढवलं.

या बायकांना याची जाण नव्हती असं समजणं मूर्खपणाचं ठरेल. गी पॉयटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांत हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून त्यांच्या मावळातल्या ओळखी होत्या. हा संग्रह पुढे राज्यभर पसरून लाखावर गेला, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर तो क्रमाक्रमाने येतो आहे. त्यात भक्ती आहे, माहेर आहे, आणि राबण्याचा हिशेबही आहे, ज्याची पावती कुणी दिली नाही असा. जनाबाईची कथा या बायकांना इतकी जवळची का, हेही तिथे कळतं. पंढरपूरशेजारी गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. देवाने येऊन तिच्याबरोबर दळलं, ही ती कथा. कष्टाचं धान्य टाळून पुण्य मिळवण्याचा मार्ग ऋषींचा. कष्टाचा खुंटा दुसऱ्या बाजूने धरण्याचा मार्ग विठ्ठलाचा, आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला दुसरा मार्ग जास्त समजला यात नवल काय? तत्त्वज्ञान म्हणूनही तो जास्त धीट आहे. टाळणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, पण दळण तिथेच पडून असतं.

न नांगरलेलं अन्न खाणारे ऋषी पुराणांत गेले. खाणारी माणसं गेली नाहीत. भोर-वेल्ह्याच्या कातकरी वाड्यांवर, महादेव कोळ्यांच्या वस्त्यांत पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, चाईचा मोहोर, रानातले कंद हे व्रताशिवायच ताटात येतं. त्यांना कुणी वानप्रस्थ म्हणत नाही. वानप्रस्थाने भरलेलं घर सोडून रान पत्करलेलं असतं आणि त्या सोडण्याचंच मोल असतं. ज्याच्याकडे सोडायला खाचर नव्हतंच, त्याच्या ताटातला तोच कंद गरिबीच्या खात्यात जमा होतो.

काही खाचरं होती आणि गेली. भाटघरचं धरण १९२० च्या दशकात वेळवंडीवर उभं राहिलं, पानशेत आंबीवर आलं, पुढे नीरा देवघर आणि गुंजवणी. धरणाचं पाणी खोऱ्याच्या तळाशी साठतं, आणि खाचरंही तिथेच असतात. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७९ साली पश्चिम घाटातले डोंगर, धरणं आणि जंगलं यांच्याबद्दलची आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. तळची शेती बुडाल्यावर माणसं वर सरकतात, उतार फोडतात, आणि देवाच्या नावाने राखलेल्या रायांवरही कुऱ्हाड येते, हे त्यांनी या भागात हिंडून पाहिलं होतं. देवराई म्हणजे खरं तर मनूच्या कसोटीला उतरणारी जमीन, फाळ न लागलेली. तिच्या कडेला कुदळीने लावलेली नाचणी बैलमुक्त असते, कारण जिथे बैल चालला असता ती जमीन पाण्याखाली आहे. बारामती-इंदापूरकडचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे. ऋषिपंचमीच्या चौकशीत हे कष्ट कुठल्या रकान्यात भरायचे?

अलीकडे वरचे उतारही ओस पडत चाललेत. रानडुकरं एका रात्रीत नाचणीचा फडशा पाडतात, राखण करायला घरात माणूस नाही, आणि रस्त्यालगतच्या उताराला फार्महाऊसवाला जो भाव देतो तो नाचणीच्या सात पिढ्या देणार नाहीत. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, सरकारने त्यांना श्री अन्न म्हटलं, शहरात नाचणीची बिस्किटं आली. त्या बिस्किटांची नाचणी मोठ्या, सपाट, यंत्राने नांगरलेल्या शेतांतून येऊ शकते, बहुधा येतेच. कुदळीची नाचणी हवी असेल तर आठवडी बाजारात उशिरा येणाऱ्या, पोत्याऐवजी पिशवी घेऊन बसलेल्या बाईला शोधावं लागतं, आणि ती कुठल्या वाडीची हे विचारावं लागतं. दुसरी खात्री नाही.

उतारावर वरी लावणारं हे घर स्वतः वर्षभर काय खातं? घरचा भात पुरेल तेवढा, आणि रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरलं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळतं. त्यातला गहू ज्या शेतांतून येतो तिथे ट्रॅक्टर पेरतो आणि हार्वेस्टर कापतो. बैलाचा खूर त्या रानाला लागून किती वर्षं झाली असतील कुणास ठाऊक. कहाणीच्या नियमाने तो गहू ऋषिपंचमीला चालायला हवा, वरीच्या बरोबरीने. तसा तो कुणी दळत नाही. सासू वरी पाखडायला घेते. सून म्हणते, “आत्या, रेशनच्या गव्हाला कुठं आलाय बैल?” सासूकडे उत्तर नसतं असं नाही. “त्याला काय लागलंय ते आपल्याला माहीत नाही,” असं ती म्हणते, आणि वरीतले खडे वेचत राहते.